प्रमिलाताईची प्रदक्षिणा

शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे वळत होती, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "काकू, मम्मी गयी..." एवढंच बोलला आणि पुढे नुसता त्याच्या श्वासाचा आवाज येत राहिला. ताई तापाने नंदुरबारच्या दवाखान्यात होती हे ठाऊक होतं, पण आदल्याच संध्याकाळी तिने मला फोनवर, दवाखान्याच्या खिचडीत मीठ नाही म्हणून भरपूर ऐकवलं होतं. जी बाई मिठावरून भांडते ती मरत नाही, असा माझा एक भाबडा समज होता. शहाद्याहून गावाकडे निघाले, तर फाट्यावर फ्लेक्स लागलेलासुद्धा. आमच्याकडे गेलेलं माणूस घरी पोचायच्या आधी त्याचा फ्लेक्स पोचतो. डोक्यावर पदर घेतलेला ताईचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत : शिवभक्त, व्रतस्थ, धर्मपरायण. मी रिक्षा थांबवून खाली उतरले. तिथं उभी राहून मी रडले हे खरं, पण रडता रडता मला हसूही आलं, हेही तेवढंच खरं. कारण ती यातली काहीच नव्हती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

प्रमिलाताई माझी मोठी जाऊ. आमच्याकडच्या भाषेत जेठानी. वयाने, मानाने मोठी, पण आम्ही पहिल्यापासून अगं-तुगंवर. मी शहाद्याला शिक्षिका, म्हणून ती मला 'मास्तरीन' म्हणायची, आणि माझ्या पगाराला सोडून बाकी सगळ्याला नावं ठेवायची. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईल. शहाद्याहून ब्राह्मणपुरीच्या अंगाला निघालं की पपई, केळी, कापूस, पुन्हा पपई अशी जी गावं लागतात, त्यांतलं एक समजा. घर भरलेलं. शेतावर सालदार, धुण्याला मशीन, पाण्याला नळ, दळणाला गिरणी. अशा घरच्या सुनेने शेतात जायचं नाही, कारण ते कमीपणाचं. विनाकारण रस्त्यावर दिसायचं नाही, कारण तेही कमीपणाचं. मग करायचं काय, तर बसायचं, खायचं, खाऊ घालायचं. सुखाचा कोंडवाडा म्हणावा असं आयुष्य. त्यात ताईची जीभ दुहेरी कामाची, चवीलाही आणि बोलायलाही. एकदा बोलायला लागली की समोरच्याचा चहा थंड व्हायचा, आणि तो थंड झाला म्हणून ती दुसरा टाकायची. अशात तिचं वजन वाढत गेलं, तर नवल नाही.

मग एकदा चक्कर येऊन ओसरीवर बसली, तपासण्या झाल्या, साखर निघाली, यकृतावर चरबी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, रोज तासभर भरभर चाला. घरच्यांनी गोळ्या तेवढ्या ऐकल्या, चालणं ऐकलं नाही. ताईने मात्र चालणंच ऐकलं, कारण तिला तिची आई आठवली. तिची आई शेवटची कित्येक वर्षं खाटेवर होती. आजार असा काही नव्हता, नुसते पायच राहिले नव्हते. उठवायला दोन माणसं, बसवायला दोन माणसं, आणि ती माणसं कामात असली की म्हातारी छताकडे बघत हाका मारत राहायची. "मन्ही मायनी जशी गत व्हयनी तशी मन्ही नको व्हवाले," ताई मला म्हणाली. "मरनं ते मरनं. पन खाटवरथीन मी सोता उठसू." एरवी हसत बोलणारी बाई त्या वाक्याला हसली नव्हती. पुढे जे काही झालं ते सगळं या एका वाक्यापायी.

पहिल्या दिवशी ती मुलाचे बूट घालून सकाळी सडकेने चालायला निघाली. गाव ओलांडेपर्यंत एकामागून एक मोटारसायकली तिच्याजवळ थांबल्या. "भाभी, पायी कथा चालन्या? बठा, सोडी देस." सगळ्यांचा एकच प्रश्न, पायी कुठं? कोणी वाईट नव्हतं हो, सगळे घरोब्याचे. पण पाटलांची सून पायी, एकटी, बूट घालून, हातात पिशवीसुद्धा नाही, म्हणजे नक्की घरात काहीतरी बिनसलंय, असा प्रत्येकाने अर्थ काढला. त्यातला एक तिच्याआधी घरी पोचला आणि आमच्या जेठांना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन समजावायला लागला की दादा, बाईमाणसाशी जरा सबुरीने घ्यावं. ताई परत आली तेव्हा अंगणात माणसं जमलेली. जेठ बिचारे शरमेने लाल. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "गच्चीवर चाल ना." गच्चीवर चालायला गेली, तर शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळवणारे मजूर काम सोडून बघत बसले. सासूबाईंनी खालून हाक मारली आणि तेही बंद झालं.

मग तिला सुचलं ते असं. गावाबाहेर महादेवाचं देऊळ आहे, भोवती फरशी घातलेली, सावलीला निंब आणि कडेला एक हापसा. एका सकाळी तिने सासूबाईंपुढे हात जोडले. "माय, मी महादेवले प्रदक्षिणा घालाना संकल्प करेल शे." सासूबाईंचा चेहरा उजळला. "मंग जाय वं बाई! देवना कामले मी नही कशी म्हनसू?" झालं. जी बाई सडकेवर एकटी दिसली की बेअब्रू, तीच देवाभोवती तासभर एकटी फिरली की पुण्यवान. आमच्याकडे बाईला कुठंतरी जायचं असावं लागतं, नुसतं चालायचं असून चालत नाही. ताई भरभर चालायची, इतकी की पहिल्या दिवसांत पुजारी घाबरून बाजूला झाला. कोणाला संशय नको म्हणून ती सारखे ओठ हलवायची, जप चालू असल्यासारखे. मी एकदा विचारलं, काय पुटपुटतेस? म्हणाली, घरात जे जे बोलता येत नाही ते सगळं.

काही महिन्यांत तिचं वजन उतरलं, आणि तिथंच ती नव्या जाळ्यात सापडली. भक्तीण म्हटली की उपास आले. सोमवार आधीच होता, त्यात प्रदोष आला, मग कोणी म्हणे चतुर्थी कशाला सोडतेस, मग अख्खा श्रावण. नाही म्हणायची सोय नाही, संकल्प स्वतःच केलेला. एरवीचं डाळ-भात-भाकरीचं जेवण सुटून साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचा लाडू यांवर दिवस, आणि वर रोजची तासभर धावल्यासारखी चाल. चेहरा ओढला, गळ्याखालची कातडी सैल पडली, आणि बायका म्हणायला लागल्या, "काय तेज येल शे वं तुन्हा तोंडवर!" इकडे त्या तेजस्वी बाईला वरणाचा कुकर एका हाताने उतरवता येईना. पूजेला पाटावर बसली की उठताना खांब शोधायची. एका रविवारी मी गेले होते. तिने मला आतल्या खोलीत नेलं, बाही वर केली आणि दंडाची लोंबणारी कातडी दाखवली. "वं मास्तरीन, खरं सांग. मी बारीक व्हयनी का आटी गयी?" ज्या खाटेपासून पळायला ती चालत होती, त्या खाटेकडेच ती चालत निघाली होती.

साडी घ्यायच्या निमित्ताने मी तिला शहाद्याला आणलं आणि ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. मुलगी तरुण होती, गोड बोलणारी. तिने ताईला खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. ताई उठू शकली नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. माझ्या देखत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी म्हणाली, "काकू, नुसतं चालून आणि उपाशी राहून चरबी गेली, पण तिच्यासोबत स्नायूही गेले. घरातला पसारा काढताना खांबही काढून टाकलेत. शरीराला कळायला पाहिजे की हे खांब लागतात, तरच ते जपतं. म्हणून वजन उचलायचं." मग तिने नीट समजावलं. चालणं सोडायचं नाही, पण रोज धापा टाकेपर्यंत नाही. आठवड्यातले काही दिवस वजनाचे, मधे विश्रांती. वजन थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. आणि पोटभर डाळी, दही, पनीर, शेंगदाणे, मोड आलेले मूग खायचे. घाई करायची नाही, वजन सावकाश उतरलं तरच ते चरबीचं उतरतं. ताई सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "बाई, वजन उचलानं ते ठीक. पन देवयमा वजन कसं नेऊ?" देवळात डंबेल घेऊन जाणारी सून! आम्ही दोघी रिक्षात इतक्या हसलो की रिक्षावाल्याने आरसा वळवला.

पण तिने ते नेलं. आधी उपासांची वासलात लावली, तीही रीतसर. व्रत मधेच सोडता येत नाही, पण त्याचं उद्यापन करता येतं, आणि उद्यापनाला कोण नाही म्हणणार? सासूबाईंनी हौसेने अख्खी गल्ली जेवायला बोलावली, पुरणाचे मांडे झाले, आणि ताईचे सगळे उपास वाजतगाजत संपले. मग तिने पुजाऱ्याला सांगितलं, अभिषेकाचं पाणी रोज मी भरीन. हापसा मारायचा, दोन कळश्या भरायच्या, आणि त्या डोक्यावर किंवा कमरेवर न घेता दोन हातांत दोन लटकवून, पाठ सरळ ठेवून, देवळाभोवती फिरून मग आत न्यायच्या. सुरुवातीला अर्ध्या कळश्या, मग पाऊण, मग काठोकाठ. वजनाच्या दिवशी एक कळशी छातीशी धरून नंदीसमोर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. प्रसादालाही साखरफुटाण्यांऐवजी भिजवलेले हरभरे आले.

आता गाव म्हणजे गाव. शेजारच्या भिकाबाई, वयाने सत्तरीकडे झुकलेल्या, एक दिवस तिच्या मागे चालायला लागल्या. मग आणखी दोघी, मग त्यांच्या सुना. ताईला छातीशी कळशी धरून बसता-उठताना बघून एकीने विचारलं, "हाई कोनता विधी शे वं?" ताई गडबडली आणि बोलून गेली, "संकल्पच तसा शे." दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी आपापली कळशी घेऊन हजर. नंदीसमोर ओळीने बायका बसताहेत आणि उठताहेत, कोणी कोणाशी बोलत नाही, सगळ्यांचे ओठ हलताहेत... मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाला पदर लावला होता, भक्तीने नव्हे.

ताईला मात्र हसू येईनासं झालं. एकीने तिच्यापुढे आजारी नातू आणला, म्हणाली, डोक्यावर हात ठेव. ताईने पोराला दवाखान्यात न्यायला लावलं, पण त्या दिवसापासून तिला बोचणी लागली. मला म्हणायची, "मी देवले बी फसवी ऱ्हायनी नी बायासले बी. त्या बिचाऱ्या भक्तीनी करतस, नी मी मन्हा पायसाठे." मी म्हणायचे, अगं, जो देव स्वतः तांडव करतो त्याला व्यायाम कळत नसेल का? तेवढ्यापुरती हसायची. पण बोलक्या बाईची तिथं सगळ्यांत मोठी शिक्षा वेगळीच होती. इतक्या बायका रोज सोबत, आणि एकीशीही बोलायचं नाही. बोललं की जप मोडला, जप मोडला की सोंग उघडं पडलं. घरात माणसं ऐकतात म्हणून बोलता येत नाही, देवळात देव ऐकतो म्हणून. "एक दिस," ती म्हणायची, "मी कोठेच नही जासू. नुसती चालसू. तोंड उघडं ठीसन." मी म्हटलं, चल ना, शहाद्याला ये माझ्याकडे. ती यायची, एक दिवस राहायची, आणि संध्याकाळी कोणीतरी गाडी घेऊन न्यायला यायचं. प्रेमाने. कोणी छळत असतं तर भांडता तरी आलं असतं.

एक दिवस मात्र तिचा होता. पुतणीच्या लग्नात बायकांची जमिनीवर पंगत बसली होती. जेवण झाल्यावर एकेक जण कोणाच्या तरी खांद्याला, कोणी भिंतीला धरून उठत होती. ताई बसल्या जागेवरून सरळ उठली, हातात उष्टं ताट, कुठं टेकणं नाही की धरणं नाही. उठून तिने भर मांडवात मला शोधलं आणि भुवया उडवल्या. तिच्या साखरेचे आकडे सुधारले होते, साड्यांचे ब्लाउज उसवून पुन्हा शिवावे लागले होते, दंड भरला होता. पण त्या सगळ्यापेक्षा ते उठणं मोठं होतं. मांडवात ते दुसऱ्या कोणी पाहिलंही नाही.

मग हा ताप आला. डेंग्यू म्हणाले, मग आणखी काहीतरी म्हणाले. व्यायामाने माणूस अमर होतो असं मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मला त्या व्यायामाचा राग आला हे कबूल करते. पुतण्या सांगत होता, दवाखान्यात न्यायच्या वेळी घरच्यांनी तिला खाटेसकट उचलायची तयारी केली, तर ही तापाने फणफणलेली बाई म्हणाली, "माले धरू नका. मी चालस." आणि खाटेवरून स्वतः उठली, ओसरी उतरली, गाडीत जाऊन बसली. त्या घरातलं तिचं शेवटचं चालणं ते. हे ऐकल्यापासून मला थोडी झोप यायला लागली.

उत्तरकार्याला महाराजांनी तिच्या भक्तीवर तासभर प्रवचन केलं. देवळाभोवतीच्या फरशीला तिचं नाव द्यायचं ठरलं. सगळे मान डोलावत होते. तिला मेल्यावरही सोडत नव्हते. चिडून मी ठरवलं की निदान त्या बायकांना तरी खरं सांगायचं. ती ज्या ओझ्याने गप्प झाली ते तरी उतरवायचं. पुढच्या सोमवारी सकाळी देवळात गेले. बायका नेहमीसारख्या फिरत होत्या, ओठ हलत होते. मी भिकाबाईंना थांबवलं, बाकीच्याही थांबल्या. मी सांगून टाकलं. प्रमिलाताईचा काही संकल्प नव्हता. साखर होती, चरबी होती, पाय जायची भीती होती. कळश्या म्हणजे व्यायाम, उठणं-बसणं म्हणजे व्यायाम, ती देवासाठी चालत नव्हती, स्वतःसाठी चालत होती.

हापशाच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, आता शिव्या पडणार. मग भिकाबाई म्हणाल्या, "मंग आम्ही काय देवसाठे चालतस का वं?"

एक म्हणाली, "माले बी शुगर शे. डॉक्टर म्हने चाला. कथा चालू? मंग आठे देवयमा उनी." दुसरी म्हणाली, "मन्हा गुडघा." एक तरुण सून खाली बघत म्हणाली, "आठे तासभर कोनी हाक नही मारस." एकेक करून सगळ्या बोलल्या आणि एकमेकींकडे अशा बघायला लागल्या की जणू आजच ओळख झाली. मी विचारलं, मग ताईला का नाही कोणी सांगितलं? भिकाबाईंनी कपाळाला हात लावला. "तिले कसं सांगू बाई? आमले वाटे, हाईच एक आठे खरी भक्तीन शे. आमनं सोंग तिले समजं तर तिले काय वाटी?"

त्या फरशीवर सगळ्या जणी सगळ्यांपासून लपत फिरत होत्या, आणि सगळ्यांत पुढे ती. मला रडू आवरेना. चार पावलांवर तिच्यासारख्याच होत्या सगळ्या, आणि ती एकटी मेली. मी म्हटलं, मी हे पेपरात लिहिणार आहे. त्यांच्यात चुळबुळ झाली. घरच्यांना कळलं तर हाही तास जायचा. भिकाबाईंनी विचार केला. "लिख. पन गावनं नाव नको टाकू. आमना धनी पेपरमा पपईना भाव देखतस नी ठेवी देतस." मग माझ्या हातात एक भरलेली कळशी दिली आणि नंदीसमोर बोट दाखवलं. मी छातीशी धरून बसले आणि तिथंच अडकले. चाळिशी ओलांडलेली मास्तरीण, खुर्चीवर बसून बसून माझेही खांब गेलेले. "हात नको टेकू," भिकाबाई म्हणाल्या, "हयूहयू ऊठ." असं हळूहळू उठायला त्यांना ताईनेच शिकवलं होतं, अगदी याच शब्दांत.

मी सोमवारी जाते आता. देऊळ तेच, फरशी तीच, तासही तेवढाच, आणि सडकेने अजून कोणी नुसतं चालत नाही. घरच्यांच्या लेखी सगळ्या भक्तीणीच आहेत. फक्त ओठ आता खोटे हलत नाहीत. सुनांच्या कागाळ्या, सिलिंडर, माहेर, कोणाची पोर कोणाशी बोलते, असं सगळं मोठ्याने चालू असतं, आणि पुजारी कानावर हात ठेवतो. एवढा गलका असतो की मधेच कुणीतरी "हळू गं" म्हणतं. मी मागे चालते आणि ऐकते. तिला बोलायला किती आवडायचं...